बायो घेतलंय, पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की डहीसारख्या गावात हेडमास्तराला ज्योतिष्याचा मान मिळतो. खिशातून गुणपत्रिकेची घडी काढत पालक विचारतात, "सर, बायो घेतलंय, पुढे काय?" प्रश्न अर्धाच असतो. उरलेला अर्धा मला पाठ आहे : डॉक्टर नाही झाला, तर? आमच्याकडे अकरावीत 'मॅथ्स की बायो' हा कौल लागतो आणि बायो म्हटले की साऱ्या घरापुढे पांढरा कोट उभा राहतो.

'नीट' या शब्दाचा मराठीतला अर्थ किती साधा, सरळ! पण त्या नावाच्या परीक्षेला 2024 साली 23 लाखांहून अधिक मुले बसली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा देशभर मिळून लाखाच्या थोड्याच वर होत्या. म्हणजे साधारण वीस-बावीस मुलांत एक. बाकीच्यांचे दुसरे वर्ष जाते, तिसरे जाते. डॉक्टरकीला माझा विरोध नाही. आमच्या भागाला डॉक्टर हवेच आहेत. परंतु जीवशास्त्र म्हणजे एक घर नव्हे, ती एक अख्खी आळी आहे. एक दार बंद दिसले म्हणून साऱ्या आळीकडे पाठ फिरवू नये.

ही आळी पाहायला लांब जायला नको. कुक्षीमार्गे बागकडे गेलात की डायनोसॉरची अंडी सापडलेला मुलूख लागतो. बाग-कुक्षी भागातल्या 92 घरट्यांतील 256 अंड्यांचा शोधनिबंध 2023 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पाडल्या गावात शेताचा राखणदार देव म्हणून पुजले जाणारे गोल दगड हीदेखील अंडीच असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. दगडात जीव शोधण्याची ज्याला हौस, त्याने प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राबरोबर भूगर्भशास्त्र घ्यावे.

आमच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचा आजार आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. या रोगाच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झाले. 'असे का होते?' या प्रश्नाने ज्याची झोप उडते, त्याचे दार जीवरसायन किंवा अनुवंशशास्त्राचे. मात्र रसायनाचा कंटाळा असणाऱ्याने तिकडे फिरकू नये.

कापसावरची गुलाबी बोंडअळी, जिला बाजारात सगळे 'गुलाबी इल्ली' म्हणतात, ती रोखायला 2002 साली बी.टी. वाण आले, पुढे अळीने त्यालाही दाद देईनाशी झाली. हे कोडे कृषी पदवीचे आणि कीटकशास्त्राचे. आणि नर्मदेत महाशीर मासा आहे. 2011 पासून तो मध्य प्रदेशाचा राज्यमत्स्य. त्याला वाहते, स्वच्छ पाणी लागते आणि आमच्या काठाला आता धरणाचे पाणी तुंबून उभे असते. हा प्रश्न मत्स्यशास्त्राचा आणि पर्यावरणाचा.

दोन वेळा नीट दिलेली एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. तिच्या वहीत शेतातल्या तणांची चित्रे होती आणि प्रत्येकाखाली तीन नावे : निमाडी, हिंदी, मराठी. वडील म्हणाले, "सर, बॉटनी करून ही काय गजरे विकणार?" मी वही त्यांच्या हातात दिली. ते बराच वेळ पाने उलटत राहिले. मग लेकीला विचारले, "हे सगळं तू कधी केलंस?" ती म्हणाली, "क्लासहून आल्यावर, बाबा. रोज." तिने वनस्पतिशास्त्रच घेतले. 'मेडिकल का नाही?' असे नातेवाईक विचारतात तेव्हा वडील अजून थोडे अडखळतात, पण वहीला पुठ्ठा त्यांनीच घातला आहे.

पदवीचे नाव म्हणजे जन्माची गाठ नव्हे. इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी 1933 साली बी.एस्सी. केली ती रसायन आणि भौतिक विषय घेऊन. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत आणि अटींवर का होईना, आत गेल्या. 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली ती वनस्पतींच्या पेशींतील 'सायटोक्रोम सी'वर, आणि सुरुवात केली बटाट्यापासून! जीवशास्त्राच्या आळीत त्या मागच्या दाराने शिरल्या.

आपल्या दुभाषी घरांत आणखी एक गंमत आहे. मराठीतली 'पेशी' हिंदी पुस्तकात 'कोशिका' होते, आणि हिंदीत 'पेशी' म्हणजे एक तर स्नायू, नाही तर कोर्टाची तारीख! पुण्याची आजी धाराच्या नातवाला शिकवायला बसली की दोघेही गोंधळतात. मुलाला शब्द तिन्ही भाषांत समोरासमोर लिहू द्यावेत. कॉलेजात इंग्रजी संज्ञा आल्या की तीच वही कामी येते.

2021-22 पासून मध्य प्रदेशात पदवीला मुख्य, गौण आणि ऐच्छिक अशी विषयांची मांडणी आली. त्यामुळे वनस्पतिशास्त्राला रसायनाची किंवा दुसऱ्या एखाद्या विषयाची जोड देता येते. प्रवेश घेण्यापूर्वी नुसती पाटी वाचू नये, अभ्यासक्रमाचा कागद मागावा. प्रात्यक्षिके किती, ती खरोखर होतात का, विद्यार्थ्यांना शेतात, जंगलात नेतात का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. 'बायोटेक्नॉलॉजी' हे नाव भारदस्त आहे, पण प्रयोगशाळेला कुलूप असेल तर ते नावच उरते. उलट इंदूरच्या 1891 सालच्या होळकर सायन्स कॉलेजासारख्या जुन्या ठिकाणचे साधे प्राणिशास्त्रही मुलाला उभे करू शकते.

आणि या सगळ्याच्या आधी मुलाला एकच विचारावे : सुट्टीच्या दिवशी, कोणी सांगितले नसताना, तू काय बघत बसतोस? उत्तर चटकन येत नाही. तेवढे थांबण्याची तयारी मात्र आईबापांनी ठेवावी.