दोन आणि तीनच्या मधली पट्टी

नांदेडहून लातूरला निघालं, लोहा मागे पडलं, की माळाकोळीच्या आसपास रस्ता बालाघाटाच्या अंगावर चढायला लागतो. या चढाला आमच्या अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनासारखं शांतपणे ओढणारं दुसरं इंजिन मी चालवलेलं नाही. गाडीत सहा माणसं, डिकीत ज्वारीचं पोतं, गिअर तिसरा आणि अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्यावर. गाडी धावत नाही, पण थकतही नाही.

याचं कारण इंजिनाच्या मापातच आहे. चार सिलिंडर मिळून 1489 सीसी, बोअर 73 मिलिमीटर आणि स्ट्रोक जवळजवळ 89. बोअर अरुंद, स्ट्रोक लांब, त्यामुळे कमी फेऱ्यांतच जोर मिळतो. हा त्याचा पहिला गुण, आणि पहिला दोषही इथूनच निघतो. त्या लांब क्रँकशाफ्टला आधार तीनच बेअरिंगांचा. अहमदपूर ओलांडून पठारावर सरळ रस्ता लागला आणि काटा ऐंशीच्या पुढे नेला, की स्टिअरिंगमधून थरथर हाताला कळते. तिथे पाय उचलावा. ज्यांना पळायचं आहे त्यांच्यासाठी हे इंजिन नाही, आणि ते मी कुणालाही आधीच सांगतो.

मूळ इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज नावाचं. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली गाडी बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार होऊ लागली आणि हे इंजिन तिच्यातून आपल्याकडे आलं. नांदेड आणि लातूर या आमच्या दोन जिल्ह्यांनी शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. त्यामुळे लाल दिव्याची पांढरी अ‍ॅम्बेसेडर इथल्या लोकांनी डोळे भरून पाहिली आहे. बॉनेट उघडून आत पाहणारे मात्र थोडे.

खरी गोष्ट हेडमध्ये आहे. सिलिंडर चार असले तरी पेट्रोल-हवेचं मिश्रण आत जायला वाटा दोनच. एक आणि दोन नंबरची वाट सामाईक, तीन आणि चारची सामाईक. जळण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन. म्हणजे दोन नंबरने मिश्रण ओढून संपवलं न संपवलं, तोच त्याच वाटेने एक नंबर ओढायला लागतो. वाटणी सारखी होतच नाही. धूर बाहेर जायला तीन वाटा : एक आणि चारला स्वतंत्र, आणि मधल्या दोन-तीनला मिळून एक. त्यामुळे सगळी आग हेडच्या मध्यावर एकवटते. तिथले व्हॉल्व्ह आधी जळतात, आणि हेड गॅस्केटची दोन आणि तीनच्या मधली बारीक पट्टी आधी फुटते. ती फुटली की इंजिन दोन सिलिंडरांवर लंगडत चालतं. पाण्यात तेल नाही, तेलात पाणी नाही, म्हणून नवखा मेकॅनिक प्लग आणि कॉइल बदलत बसतो.

ओतकाम सोपं आणि स्वस्त व्हावं म्हणून केलेली ही रचना. तिच्यामुळे ताकद गेली, पेट्रोल जास्त लागलं, उष्णता वाढली. पण त्याच सोपेपणामुळे हे हेड चाकूरच्या झाडाखालीसुद्धा उतरवता येतं. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून आल्या, म्हणून मला या इंजिनाची निव्वळ स्तुतीही पटत नाही आणि त्याला भंगार म्हणणंही पटत नाही.

टॅपेट बांधायला, म्हणजे व्हॉल्व्हची फट नेमकी ठेवायला, मी शिकलो ते नांदेडच्या एका वयस्कर उस्तादांकडून. व्हॉल्व्ह आठ. ते म्हणाले, “साहेब, आठवा पूर्ण दबला की पहिला धरायचा. सहावा दबला की तिसरा. दबलेला आणि बांधायचा, दोघांची बेरीज नऊ आली पाहिजे.” हाताने इंजिन फिरवायचं, पंधरा थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश जाडीची, पट्टी घालायची, ती किंचित अडकत सरकली की नट आवळायचा. पुस्तक नको, खूण नको. इतकी सुंदर युक्ती मला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.

उन्हाळा मात्र या इंजिनाला सोसत नाही. पेट्रोलपंप कॅमशाफ्टवर चालतो आणि तो बसवलाय एक्झॉस्टच्याच बाजूला. मे महिन्यात लोह्यापाशी चहाला थांबलं, की पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सुरू होत नाही. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं, तेव्हा तिथे फडक्यासाठी किंवा रेडिएटरसाठी कुणाकडे पाणी मागायला जीभ रेटत नसे. मी नांदेडहूनच कॅन भरून नेत असे.

आणि तरीही, 30 सप्टेंबर 1993 नंतरचे दिवस आठवले की या इंजिनाबद्दल माझं मन भरून येतं. किल्लारीचा भूकंप पहाटे झाला, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. मग पाऊस लागला. लातूरहून औसा, लामजना करत आम्ही पीठ, चादरी, रॉकेल घेऊन जात होतो. पुढे लष्कराचे ट्रक, मागे टेम्पो, मध्ये चालत निघालेली माणसं. तासन्‌तास पहिला आणि दुसरा गिअर, चिखल, सतत थांबणं-निघणं. जिथे फेऱ्या वाढवायची सोयच नव्हती, तिथे लांब स्ट्रोकच्या या इंजिनाने एकदाही मान टाकली नाही. परतताना मागच्या सीटवर जखमी माणसं असत आणि धक्का न देता गाडी उचलता येई. वेगाने त्या रस्त्यावर काहीच साधलं नसतं.

तेलगळतीचं सांगायलाच हवं. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही. शाफ्टवर कोरलेले आटे तेल आत परतवतात. बेअरिंग झिजलं की तेल क्लचपर्यंत पोचतं आणि नेमक्या चढावर क्लच घसरतो. यावर कायमचा इलाज बेअरिंग बदलणं हाच. 2000 पासून शिसंविरहित पेट्रोल आलं तेव्हा आणखी एक दुखणं सुरू झालं. बिडाच्या हेडमध्येच कोरलेल्या एक्झॉस्ट सीट खचू लागल्या, व्हॉल्व्ह आत रुतू लागले, टॅपेटची जागा आपोआप कमी होऊ लागली. मी लातूरच्या लेथवर कडक पोलादाच्या सीट बसवून घेतल्या.

अनेकांनी या गाडीत डिझेल इंजिन बसवून घेतलं. रोज नांदेड-लातूर करणाऱ्याला मीही तेच सुचवीन, पेट्रोलचा खर्च खरोखर परवडत नाही. ज्यांनी जुनं इंजिन ठेवलं आहे, त्यांनी टॅपेट महिन्या-दोन महिन्यांनी तपासावेत. खटखट वाढली तर घाबरू नये, ती थांबली तर घाबरावं, कारण व्हॉल्व्ह रुततोय. आणि हेड उतरवलं की गॅस्केट टाकण्याआधी दोन आणि तीनच्या मधली जागा सरळ पट्टी ठेवून पाहावी. तिथे प्रकाश दिसला तर हेड आधी लेथवर न्यावं.