प्यायलेल्या रात्री मूल कुठे झोपणार?

ती. ताईस,


बालकल्याण समितीवर तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला शासनाने या कामावर बसवलं, हे फार चांगलं झालं. परवा फोनवर तू विचारलंस की बाप रोज पितो, आई पिचून गेली आहे, मूल शाळेतून गळालं आहे, असं प्रकरण समोर आलं तर काय करायचं. मूल बालगृहात पाठवायचं, की बापाकडून ‘यापुढे पिणार नाही’ असं हमीपत्र लिहून घेऊन घरी सोडायचं? ते बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

या दोहोंच्या मधे बरीच मोठी जागा आहे, आणि ती कायद्यातच आहे. २०१५ च्या किशोर न्याय अधिनियमाने संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. कलम ३७ प्रमाणे समिती मुलाला देखरेखीच्या अटीवर आई-वडिलांकडे परत सोपवू शकते, योग्य व्यक्तीकडे ठेवू शकते, प्रायोजकत्वाचा आदेश देऊ शकते, वैद्यकीय आणि मानसोपचाराच्या मदतीबद्दल निर्देश देऊ शकते. प्रत्यक्षात सुनावणीच्या दिवशी बाहेर बाकावर गर्दी असते, परिविक्षा अधिकाऱ्याकडे डझनभर प्रकरणं असतात आणि घाईत दोनच रस्ते दिसतात. मधली जागा वापरायची तर त्या घरात काय चालतं हे आधी नीट समजून घ्यावं लागतं.

दारूच्या घरातलं मूल सर्वांत आधी कान तयार करतं. गाडी स्टँडवर लावताना किती वेळा घसरली, चपला कशा भिरकावल्या, कडी कशी वाजली, एवढ्यावरून आजची रात्र कशी जाणार हे त्याला कळतं. नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला लवकर जेवायला घालून झोपवते, सहलीचे पैसे तांदळाच्या डब्यात तळाशी दडवते आणि सकाळी शेजारणीला सांगते, ‘पप्पांना बरं नव्हतं.’ पहिल्या तासाला डुलक्या घेणारी, पण धाकट्या भावाचा डबा न विसरता पोचवणारी अशी मुलगी तुझ्या शाळेत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गात असणारच. क्लॉडिया ब्लॅक या अमेरिकन समाजकार्यकर्तीने १९८१ च्या पुस्तकात अशा घरांचे तीन अलिखित नियम मांडले: बोलायचं नाही, विश्वास ठेवायचा नाही, काही वाटू द्यायचं नाही. समितीपुढे आलेलं मूल हेच नियम पाळत बसलेलं असतं. ‘बाबा मारतात का?’ या थेट प्रश्नाला ‘नाही’ असंच उत्तर मिळतं. ‘रात्री जेवायला कोण वाढतं, झोपायला कुठे असतोस, भीती वाटली तर कुणाकडे जातोस?’ असं विचारलं तर हळूहळू घर दिसू लागतं. तुला हे सांगायला नको, पण समितीतल्या इतरांना सांगावं लागेल.

आता हमीपत्राबद्दल, कारण इथे जिवाशी खेळ होऊ शकतो. आपल्याकडे दारू सोडायची म्हणजे शपथ घ्यायची, माळ घालायची, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा. माळ घालून सुटलेली माणसं आहेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण जो माणूस सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट घेतो, त्याचं शरीर दारूवर अवलंबून आहे. त्याने समितीच्या धाकाने एकदम दारू तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसू लागतात. उपचार नसतील तर माणूस दगावतो. म्हणून आदेशात ‘दारू सोडावी’ एवढं लिहून भागत नाही. कुठल्या रुग्णालयात, कुठल्या डॉक्टरकडे, कुठल्या तारखेला, हेही लिहावं लागतं. तसंच ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून बायका जेवणात पूड मिसळतात. त्यात डायसल्फिराम हे औषध असलं आणि माणूस त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येते. समितीपुढे आलेल्या प्रत्येक आईला हे कुणीतरी सांगायला हवं.

उपचार मिळणं किती दुर्मीळ आहे, याचा आकडा आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते आणि १८० पैकी एकजण रुग्णालयात दाखल झाला होता. तेव्हा ‘बाप सुधारायलाच तयार नाही’ असा शेरा मारण्याआधी त्याला सुधारायची संधी कधी मिळाली का, हे तपासणं न्यायाचं होईल.

एक परदेशी उदाहरण जरा लांबवून सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाला ते सर्वांत जवळचं आहे. लंडनमधले न्यायाधीश निकोलस क्रिख्टन यांच्यापुढे व्यसनी पालकांची मुलं काढून घेण्याची प्रकरणं येत. मूल काढून घेतलं जाई, आईचं व्यसन तसंच राही, पुढचं मूल जन्मे आणि पुन्हा तोच खटला उभा राही. हे चक्र थांबावं म्हणून अमेरिकेतल्या अशाच न्यायालयांचा धडा घेऊन त्यांनी जानेवारी २००८ मध्ये वेल्स स्ट्रीटच्या न्यायालयात कौटुंबिक व्यसन न्यायालय सुरू केलं. तिथे समाजकार्यकर्ते, व्यसनोपचारातले जाणकार, मोठ्यांचे आणि मुलांचे मनोविकारतज्ज्ञ असं एकच पथक न्यायालयाला जोडलेलं होतं. पालकाला दर पंधरा दिवसांनी न्यायाधीशासमोर यावं लागे आणि न्यायाधीश प्रत्येक वेळी तोच असे. या भेटींना वकील नसत. समोरासमोर बसून विचारपूस होई: तपासण्या कशा आल्या, घराचं काय झालं, मूल कसं आहे. स्वतः त्यातून गेलेले पालक नव्यांना सोबत करत. आणि मुलाच्या वयाला परवडेल एवढ्या वेळात हे घर सावरणार नाही असं पथकाला दिसलं, तर तसंही स्पष्ट सांगितलं जाई.

ब्रुनेल विद्यापीठाच्या ज्युडिथ हार्विन आणि सहकाऱ्यांनी या प्रकरणांची साध्या न्यायालयांतल्या प्रकरणांशी तुलना केली. २०१४ च्या अहवालाप्रमाणे प्रकरण संपेपर्यंत इथल्या ४० टक्के आयांचं व्यसन थांबलं होतं, तर साध्या न्यायालयांत २५ टक्के आयांचं. मूल परत मिळालेल्या आया इथे ३५ टक्के, तिकडे १९ टक्के. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. इतकं करूनही जवळपास दोन तृतीयांश आयांना मूल परत मिळालं नाही. पण जिथे मिळालं, तिथे मूल आणि पालकाचा उपचार एकाच टेबलावर आल्यामुळे मिळालं, असं माझं मत आहे.

आपल्याकडे हे टेबलच नाही. मुलासाठी १०९८ ही हेल्पलाइन, बापाच्या व्यसनासाठी १४४४६. मूल महिला व बालविकास विभागाकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्याय विभागाकडे, फिट आली तर आरोग्य विभागाचं रुग्णालय आणि दारूचा परवाना राज्य उत्पादन शुल्ककडे. एकाच घरासाठी चार दारं! आडव्या बाटलीला मतदान करून दुकान बंद पाडणाऱ्या बायकांनी मोठी लढाई जिंकली आहे, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण दुकान बंद झाल्यावरही त्या घरातल्या मुलाचं कोण बघतं हा प्रश्न उरतोच.

पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा अनुभव या बाबतीत आपल्या हाताशी आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीच्या आधारावर ते सुरू केलं. अनिताताई मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि पेशंटबरोबर त्याची बायकोही आजाराने भरडलेली असते हे तिथे मानलं गेलं. ‘सहचरी’ हा तिथला बायकांचा गट आहे. नवरा प्यायला यात आपला दोष नाही, आपण रडून-भांडून त्याची दारू सुटणार नाही, आणि तरीही आपलं आणि मुलांचं आयुष्य आपण बांधू शकतो, हे दुसरीच्या तोंडून ऐकल्यावर बाईच्या अंगात बळ येतं. समितीपुढे उभ्या असलेल्या आईला बहुतेक वेळा उलट सवाल होतो, ‘तू काय करत होतीस?’ ती धुणीभांडी करून घर चालवत होती, हे त्याचं उत्तर असतं. ताई, हा सवाल तुझ्या खोलीत कुणाला विचारू देऊ नकोस.

आणि पिणारी आईच असली तर? तेव्हा समाजाचा राग दुप्पट होतो आणि मदत निम्मी. बाईसाठी वेगळी सोय असणारी केंद्रं मोजकी. मुक्तांगणने ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा विभाग काढला, तसे फार थोडे. शिवाय महिनाभर दाखल व्हायचं तर पोरं कुणाकडे ठेवायची, या एका प्रश्नावर ती माघारी फिरते. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने याची थोडी सोय केली. पालक निवासी उपचार घेत असेल, तर काढून घेतलेलं मूल त्याच्यासोबत तिथेच राहू शकतं आणि मुलाच्या पालनाचा खर्च बारा महिन्यांपर्यंत सरकार उचलतं. आपल्याकडे असं काही होईपर्यंत समितीनेच पुढाकार घेऊन आजी, मावशी किंवा आत्याकडे मूल रीतसर ठेवून आईला उपचाराला मोकळं करायला हवं.

आजी-मावशीचं नाव उगाच घेत नाही. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यातली ४९ मुलं दारुड्या पालकांची होती. अठरा वर्षांची होईतो त्यातल्या ४१ टक्के मुलांपुढे गंभीर अडचणी उभ्या राहिल्या, बाकीची ५९ टक्के सावरली. पहिल्या वर्षात सांभाळणाऱ्या माणसाकडून भरपूर लक्ष मिळालेलं, त्याच्यापासून फार काळ ताटातूट न झालेली, पहिल्या दोन वर्षांत घरात भांडणं न पाहिलेली मुलं या सावरलेल्यांत जास्त होती. आई पिणारी असेल तर मुलांचे हाल अधिक होते, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणजे बाप पितोच आहे, तरीही मुलाच्या वाट्याला एक खंबीर माणूस येतो की नाही यावर पुष्कळ ठरतं. गृहचौकशीच्या अहवालात बापाच्या सवयींचं पान भरून वर्णन असतं. तो खंबीर माणूस कोण, याची एक ओळ तरी त्यात असावी असा आग्रह धर.

मूल घरी पाठवायचं ठरलं तर आदेशासोबत प्यायलेल्या रात्रीचा बेत लेखी घे. दारू सुटताना माणूस मधेच पुन्हा पितो, हे या आजारात नेहमीचं आहे. ‘पुन्हा प्यायलास तर मूल नेऊ’ अशी धमकी दिली की घर ते लपवायला शिकतं आणि मूल आणखी गप्प होतं. त्यापेक्षा आधीच ठरवावं: बाप पिऊन आला तर मुलं कुणाकडे झोपायला जातील, दप्तर आणि गणवेश कुठे ठेवलेला असेल, फोन कुणाला करायचा, दुसऱ्या दिवशी अंगणवाडी ताई की वर्गशिक्षिका चौकशी करेल. ज्या शेजारणीचं नाव लिहिलं, तिला विचारून लिहावं. महिन्याने तारीख लावून बापाला दवाखान्याच्या कागदासह बोलवावं, आणि कागद आणला असेल तर चार लोकांत त्याचं कौतुकही करावं.

इतकं लिहिलं म्हणून गैरसमज नको. मारहाणीच्या खुणा दिसल्या, लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तान्हं मूल शुद्ध हरपलेल्या माणसाजवळ एकटं सापडलं, किंवा मुलालाच पाजलं गेलं, तर त्याला त्याच दिवशी सुरक्षित जागी हलवायचं, यात दुमत नाही. मुलाला दारू देणं हा किशोर न्याय अधिनियमाच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. हलवल्यावरही भावंडं एकत्र राहतील आणि आईची भेट होत राहील, एवढं बघ.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि पुष्कळ घरं शेवटी इथेच मोडतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात एका मुलामागे महिन्याला ४००० रुपये मिळतात, राज्याच्या बालसंगोपन योजनेत २२५०. पण त्याच अधिनियमातल्या प्रायोजकत्वाच्या कलम ४५ मध्ये विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेली आई, नातेवाइकांकडे राहणारं अनाथ मूल, जीवघेण्या आजाराने ग्रासलेले पालक आणि अपघाताने अपंग झालेले पालक एवढेच प्रसंग नावानिशी आहेत. व्यसनाने निकामी झालेला बाप त्यात नाही. असा बाप जिवंत आहे, कागदावर कमावता आहे, म्हणून अर्ज मागे येतो. ही यादी कायद्याने बंदिस्त केलेली नाही. पालक सांभाळ करण्यास असमर्थ असल्याचं समितीने नोंदवलं तर मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं ठरतं, आणि त्या नोंदीच्या आधारे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे शिफारस पाठवता येते. यकृताच्या आजाराचे कागद असतील तर तेही जोड. खातं मुलाच्या नावाने आणि व्यवहार शक्यतो आईच्या हाती, अशी नियमांची दिशा आहे, तीच धर, म्हणजे रक्कम गुत्त्यावर जाणार नाही. पहिली दोन-तीन प्रकरणं नामंजूर होऊन आली तरी कारण लेखी माग. ती कारणं एकत्र करून तुमच्या आयुक्तालयाकडे पाठवता येतील, आणि त्यांची प्रत मलाही दे. निकष बदलावेत म्हणून त्यावर मला लिहायचं आहे.

तुझा धाकटा भाऊ