वाटेतले दोन व्होल्ट

३ जुलै
सकाळी सेल्फ नुसता टकटकला. किक मारली, लागली. मारुती मंदिरच्या गर्दीत हॉर्न दिला तर घोगरा. रिक्षावाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. हेडलाईट मात्र लख्ख.

४ जुलै
दिवसभर पाऊस. मिरकरवाड्यात बोटी १ जूनपासून उभ्या. रोज दोनशेची पिग्मी भरणारे पन्नासावर आले, पन्नासवाले म्हणतात उद्या या. दर दाराशी गाडी बंद, दर दाराशी किक. गुडघ्याला तेल लावून झोपले.

६ जुलै
आषाढी. साबुदाणा. गाडी घरीच.

७ जुलै
गॅरेजवाल्या काकांनी मॅट उचललं, पायाखालचं झाकण काढलं, बॅटरीवर नुसती नजर टाकली. "वहिनी, चार वर्षं झाली हिला. अजून किती ओढणार?" नवी घातली. १२ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर. तेराशे, जुनी दिली म्हणून शंभर कमी.
सेल्फ खणखणीत. हॉर्न तसाच घोगरा. काका म्हणाले, हॉर्न म्हातारा झालाय.

८ जुलै
बटणाला बोट लागायचा अवकाश, गाडी सुरू. गुडघा खूश.

१२ जुलै
पतसंस्थेत मीटिंग. साहेबांनी पडद्यावर मोबाईल दाखवला. ग्राहकाने दुकानात बसून स्कॅन करायचं, पैसे थेट खात्यात. पावती नको, मशीन नको. कमिशनचं पुढे काय, ते पडद्यावर नव्हतं. शेजारची कोपराने ढोसत होती, तू विचार, तू विचार. चहा आला. मीटिंग संपली.

१६ जुलै
परत टकटक. नव्या बॅटरीत!
भाट्ये पुलावर समोरचं दिसेना इतका पाऊस. वळताना इंडिकेटर टाकला तर पेटला आणि तसाच राहिला. मिचकेना. मागचा ट्रकवाला काय समजला असेल कोण जाणे.

१७ जुलै
काका: "रेग्युलेटर गेला. साडेआठशे." मी म्हटलं, आधी मोजून बघा. "मोजायचं काय त्यात? बॅटरी नवी, चार्ज होत नाही, म्हणजे रेग्युलेटर." फ्यूज काढून उजेडाला धरला, आतली तार शाबूत, परत बसवला. भिंतीवर त्यांचा टेस्टिंगचा बल्ब टांगलाय, दोन वायरींसकट. त्यावर धूळ.
रविवारनंतर सांगते म्हटलं आणि निघाले. या महिन्यात साडेआठशे नाहीत.

२० जुलै
भाचा आला, आयटीआयचा मीटर घेऊन. पडवीत गाडी डबल स्टँडला.
बंद गाडीत बॅटरी १२.१. भरलेली असती तर १२.६-१२.७ हवी. गाडी सुरू करून रेस दिली: १२.२. हवे होते १४ च्या वर. म्हणजे भरतच नाही. रोज निव्वळ खर्च चाललाय.
चावी बंद ठेवून बॅटरीची मायनस वायर सोडली, मधे मीटर लावला. शून्य. कुठे गळती नाही.
"मग हेडलाईट एवढी लख्ख कशी?" म्हटलं. "मामी, तुमच्या गाडीत हेडलाईटला बॅटरी लागतच नाही. मॅग्नेटोतून पिवळी वायर निघते ती बल्बला. बॅटरीवर सेल्फ, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाईट." माझी गाडी २०१४ ची. त्याची २०१९ ची, तिला हेडलाईट बंद करायचं बटणच नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना ती कायम चालू. मला वाटायचं, पोरं विसरतात.
पुढचं कव्हर काढलं. गंजके स्क्रू, एकाचं तोंडच गेलेलं. रेग्युलेटरला चार वायरी: पांढरी आणि पिवळी मॅग्नेटोकडून, लाल बॅटरीला, हिरवी अर्थिंगची. पांढरीवर करंट येतोय, रेस दिली की वाढतो. मॅग्नेटो ठीक. कप्लर सुटा करून लाल वायर पाहिली: बॅटरीचे १२.१ तिथे पोचतायत. वायर ठीक. त्यानेही फ्यूज काढून उजेडाला धरला. ठीक.
"मग रेग्युलेटरच असणार," तो म्हणाला. चेहऱ्यावर खात्री दिसली नाही. तेवढ्यात लाईट गेली, पाऊस तिरका पडवीत यायला लागला. कव्हर दोन स्क्रूवर अडकवलं.

२१ जुलै
हॉर्नचं डोक्यातून जात नाही. नवी बॅटरी घातली त्या दिवशी ती भरलेली होती. सेल्फ खणखणीत होता. मग हॉर्न का घोगरा?
भाच्याला मेसेज टाकला.

२२ जुलै
भाच्याचं उत्तर रात्री साडेअकराला. "सेल्फची जाड वायर बॅटरीतून थेट रिलेला. हॉर्न फ्यूजमधून. रविवारी येतो. काही विकत घेऊ नका."

२४ जुलै
दिव्याची आवस. सासूबाईंनी समया, निरांजनं, माळ्यावरचा कंदीलसुद्धा काढला. चिंच लावून लावून बोटं हिरवी. संध्याकाळी पाटावर सगळे दिवे पेटले आणि लाईट गेली ती रात्री दहाला आली. पावतीचं मशीन चार्ज झालं नाही. उद्या पावत्या हाताने.

२७ जुलै
भाचा पावसात भिजत आला. चहाही नको म्हणाला.
या वेळी कप्लर सोडला नाही. गाडी चालू, मी रेस धरलेली, त्याने मागच्या बाजूने बारीक पिन घालून लाल वायरला मीटर टेकवला: १४.६. मग बॅटरीवर: १२.३.
रेग्युलेटर पुरे देतोय. बॅटरीला पोचत नाहीत. दोनाच्या वर व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. आमच्या धंद्यात पावत्यांची बेरीज आणि तिजोरीतली रक्कम जुळली नाही की पहिलं बोट मधल्या माणसावर, म्हणजे माझ्यावर.
मग मधला माणूस शोधला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवायचं, दुसरं लाल वायरवर एकेका जोडापाशी. फ्यूज होल्डरच्या अलीकडे जवळपास शून्य. पलीकडे २.१.
होल्डर उघडला. फ्यूज शाबूत, तो सगळ्यांनीच पाहिला होता. ज्यात तो बसतो ती पितळी चिमटी कोणी पाहिली नव्हती. एक बाजू कळकून हिरवीगार, प्लास्टिक तपकिरी, वाकलेलं. हात लावला तर गरम. खाल्लेले व्होल्ट तिथे उष्णता होऊन बसले होते.
गेल्या रविवारी मीटरला १२.१ दिसले ते का, हेही त्याने सांगितलं. मीटर करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल. केसाएवढा स्पर्श असला तरी व्होल्ट दाखवतो. काम पडलं की कळतं.
सासूबाई दारातून: "चिंच लाव." भाचा हसला. आंबट आत राहिलं तर महिन्याभरात परत हिरवं. काढूनच टाकायचा.

२८ जुलै
रामआळीत नवा होल्डर, तीस रुपये. झाकणाला रबर आहे. वायर सोलली तर आतलं तांबं काळं. लालभडक तांबं दिसेपर्यंत कापत गेलो, बोटभर गेली. डाग मारला, स्लीव्ह चढवली, वर व्हॅसलीन. पाय ठेवतो तिथेच बॅटरीचं झाकण, चपलांचं पाणी तिथेच मुरतं, त्यात ही खारी हवा. भाच्याने होल्डर वर सरकवून तोंड खाली करून बांधला.

२९ जुलै
नागपंचमी. रेसवर १४.३. परटवणेच्या उतारावर हॉर्न दिला, मीच दचकले.

२ ऑगस्ट
रात्रभर उभी गाडी, सकाळी १२.७.
काकांना जुना होल्डर दाखवला. उलटसुलट करून पाहिला. "मी बल्ब लावला असता ना, तर पाच मिनिटांत सापडला असता. बल्ब मिणमिणला असता." खरं आहे. बल्ब करंट ओढतो. भिंतीवरचा बल्ब काढून त्यांनी धूळ पुसली. होल्डर ठेवून घेतला, गिऱ्हाइकांना दाखवायला.
साडेआठशेचा विषय दोघांनीही काढला नाही.

८ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. जेटीवर मिरवणूक, ताशा. कालपर्यंत उद्या या म्हणणारे आज स्वतः हाक मारतात. पण दोघांनी विचारलं, ते मोबाईलवालं कधी सुरू होतंय?

११ ऑगस्ट
भाचा मीटर न्यायला आला. दिला नाही. बर्फवाल्याच्या गाडीचा हॉर्न घोगरा आहे, त्याला उद्या येते म्हटलंय.

१४ ऑगस्ट
स्कॅनचे स्टिकर आले. साहेब म्हणाले, गणपतीच्या आत सगळ्या दुकानांत चिकटले पाहिजेत, तुमच्याइतकी गल्लीबोळ कोणाला माहीत? गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून डिकीत टाकला. मिरकरवाडा उद्या, राजीवडा परवा. पेट्रोलचे पैसे मिळणार का, हे या वेळी विचारलं. कळवतो म्हणाले.