उभं राहण्याचे कष्ट

पालखी मुक्कामाला आली, की गावातली माणसं तेलाची वाटी घेऊन वारकऱ्यांचे पाय चेपायला बसतात, आणि कोमट तेलाच्या, भिजल्या धोतरांच्या त्या वासात मधूनच कुणीतरी कळवळतं, कारण पोटरीत गोळा आलेला असतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. एवढी वाट पोटरीनेच तर रेटलेली असते. टाच टेकताना नडगीवरचा स्नायू पंजा अलगद खाली सोडतो, म्हणून पाऊल आपटत नाही. मग टाच उचलते, भार चवड्यावर येतो, बोटं वाकतात, तळव्यातला चिवट पडदा ताणला जाऊन कमान उंचावते, आणि इतका वेळ मऊ असलेलं पाऊल नेमकं रेटा द्यायच्या क्षणी ताठ होतं. पंजा वर-खाली होतो तो घोट्यात. ढेकळांवर तळवा आत-बाहेर कलतो तो मात्र त्याच्या खालच्या सांध्यात.

पावलातल्या २६ हाडांपैकी मला माया वाटते ती या दोन सांध्यांमध्ये बसलेल्या घोट्याच्या हाडाची. वरून येणारा सगळा भार आधी त्याच्यावर, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. शेजारची हाडं हलतील तसं त्याने हलायचं. घराघरांत अशी एखादी आत्या असतेच.

चालण्याचं कौतुक होतं, उभं राहण्याचं फारसं होत नाही. वास्तविक ताटकळणाऱ्या माणसाच्या देहाचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, देह सारखा पुढे झुकू पाहतो, आणि पोटरीतला आतला चपटा स्नायू त्याला अविरत मागे ओढत राहतो. चालताना हाच स्नायू आवळत-सैलावत पायातलं रक्त वर ढकलतो. उभ्याने तेही नीट साधत नाही, पाय जड होतात.

एवढं चालून माणसं ज्याच्या भेटीला जातात, तो तर उभाच. आषाढीच्या गर्दीत देवाला निद्रा नाही, म्हणून त्याच्या पाठीशी लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, पायांना लिंबू-साखर चोळतात, शिणवटा जावा म्हणून काढा दाखवतात. ही रीत ज्याने घातली, त्याला शरीरशास्त्र ठाऊक नसेलही. पण दिवसभर उभ्याने काम करून तो कधीतरी घरी परतला असणार.