अड्यारची लढाई आणि मराठे

पानिपतावर मराठीत ग्रंथांमागून ग्रंथ निघाले. पण पानिपतावर लढलेल्या गारद्यांची कवायती लढाई हिंदुस्थानात पहिल्यांदा जिथे सिद्ध झाली, ते रणांगण मराठी वाचकाला फारसं ठाऊक नसतं. ते चेन्नईत आहे. शहराच्या दक्षिणेला अड्यार नदी समुद्राला मिळते, तिथे सान थोमेच्या बाजूला ४ नोव्हेंबर १७४६ रोजी (इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या दिनदर्शिकेत २४ ऑक्टोबर) एक छोटी लढाई झाली. आज त्याच मुखाजवळच्या पुलावरून दिवसभर वाहनांची रीघ असते. चेन्नईत राहून लष्करी इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो, की या लढाईतून कोण काय शिकलं. जिंकलं कोण आणि हरलं कोण, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे.

युरोपात ऑस्ट्रियाच्या वारशावरून युद्ध पेटलं होतं आणि १७४४ पासून फ्रान्स व ब्रिटन त्यात उघडपणे समोरासमोर आले होते. मॉरिशसहून फ्रेंच सेनानी ला बूर्दोने आपलं आरमार घेऊन आला आणि सप्टेंबर १७४६ मध्ये त्याने मद्रास घेतलं. सेंट जॉर्ज किल्ल्यात इंग्रजांची शिबंदी जेमतेम तीनशेची होती. गव्हर्नर निकोलस मोर्सने थोड्याच दिवसांत किल्ला खाली करून दिला. कंपनीचा एकवीस वर्षांचा एक कारकून वेष पालटून दक्षिणेकडे निसटला. त्याचं नाव रॉबर्ट क्लाइव्ह.

मद्रास ज्या मुलखात होतं, तो मुलूख अर्काटचा नवाब अन्वरुद्दीनच्या अमलाखाली होता. शहर घेतलं की तुमच्या हवाली करू, असा शब्द पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याने त्याला दिला होता. तो पाळला जाईना, तेव्हा नवाबाने आपला मुलगा महफूजखान याला सुमारे दहा हजारांची फौज देऊन पाठवलं. आधी किल्ल्यातल्या फ्रेंचांनी बाहेर पडून तोफांच्या झपाट्याने त्याच्या स्वारांना मागे रेटलं. मग पाँडिचेरीहून पारादी नावाचा अधिकारी कुमक घेऊन आला. त्याच्याजवळ अडीचशेच्या आतबाहेर युरोपीय आणि सातशे देशी शिपाई होते, तोफ एकही नव्हती. नदीच्या पलीकडे महफूजखान तोफा मांडून उभा होता. पारादीने माणसं सरळ पाण्यात घातली. काठावर चढून त्यांनी एकदम बार काढला आणि संगिनी रोखून ती धावून गेली. नवाबाची फौज सान थोमेच्या गल्ल्यांत कोंडली गेली आणि थोड्याच वेळात फुटली.

हजारभर माणसांनी दहा हजारांना कसं मोडलं? नवाबाचे लोक भित्रे नव्हते. आपण लष्कराचा सांगाडा पाहायला हवा. चकमकीच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नसे. पण कागदी काडतूस, रांगेने काढायचा बार आणि एकाच्या हुकमावर चालणारे हात असले, की मिनिटाला दोन-तीन फैरी निघत. बंदुकीच्या तोंडाशी संगीन बसली की तीच बंदूक भाला होई, त्यामुळे घोडदळाला अंगावर येणं जड जाई. समोरच्या बाजूला बहुतेक स्वारांचं घोडं स्वतःच्या मालकीचं. शिलेदाराचं घोडं पडलं की त्याचं पोट गेलं. अशा माणसाला तोफेच्या तोंडी घोडं घालायला सांगणं म्हणजे घरदार जुगारावर लावायला सांगणं. दरमहा पगार, सरकारी हत्यार आणि रोजची कवायत यांनी शिपायाची ही अडचण सोडवली होती. शिवछत्रपतींनी पागेच्या बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, भर दिला, त्यामागेही हेच शहाणपण होतं. पुढे आपल्याकडेच ते पातळ होत गेलं.

त्या वेळी मराठे कुठे होते? फार लांब नव्हते. शाहू छत्रपतींच्या आज्ञेने रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले १७४० मध्ये कर्नाटकात उतरले. दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा तेव्हाचा नवाब दोस्तअली मारला गेला. १७४१ च्या मार्चमध्ये त्रिचनापल्ली पडली आणि दोस्तअलीचा जावई चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला गेला. त्रिचनापल्लीवर मुरारराव घोरपडे बसले. तंजावरची गादी तर भोसल्यांचीच होती. त्या घडीला दक्षिणेत मराठ्यांच्या तोडीची सत्ता दुसरी नव्हती. पण १७४३ मध्ये निजामुल्मुल्क मोठी फौज घेऊन उतरला आणि त्रिचनापल्ली हातची गेली. कर्नाटक ही चौथाईची जागा राहिली. तिथे कायमची फौज, कायमचा कारभार आणि किनाऱ्यावर नजर ठेवणारी चौकी उभी करावी, असं पुरेशा निकडीने कुणाला वाटलं नाही.

किनाऱ्याची एक गोष्ट तर जिव्हारी लागते. क्लाइव्ह ज्या सेंट डेव्हिड किल्ल्यात जाऊन पोचला, तो कडलूरजवळचा किल्ला इंग्रजांनी १६९० मध्ये मराठ्यांकडूनच विकत घेतला होता. राजाराम महाराज तेव्हा जिंजीत होते, मोगलांचा वेढा पडत होता आणि पैशाची निकड होती. व्यवहाराची अट अशी, की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथवरची जमीन कंपनीची. त्या संकटात तो सौदा समजण्यासारखा आहे. पण मद्रास गेल्यावर १७४६ ते १७५२ इंग्रजांचा सगळा कारभार याच किल्ल्यातून चालला. हा आसरा नसता, तर कोरोमंडल किनाऱ्यावर त्यांना पाय ठेवायला फारच थोडी जागा उरली असती.

मद्रासचा निकाल शेवटी लागला तो युरोपात. ऑक्टोबर १७४८ मध्ये एक्स-ला-शापेल, म्हणजे आजच्या जर्मनीतलं आखेन, इथे तह झाला. उत्तर अमेरिकेत, आजच्या कॅनडाच्या किनाऱ्यावर, लुईसबर्ग नावाचा फ्रेंच किल्ला होता. न्यू इंग्लंडच्या वसाहतवाल्यांनी तो १७४५ मध्ये जिंकला होता. लुईसबर्ग फ्रान्सला परत गेला, मद्रास ब्रिटनला परत मिळालं. न्यू इंग्लंडमधल्या मॅसॅच्युसेट्सचे लोक संतापले. आपल्या रक्ताने घेतलेला किल्ला राजाने परत दिला, हा राग त्यांनी मनात ठेवला. मद्रासच्या लोकांना, अर्काटच्या नवाबाला किंवा साताऱ्याच्या दरबाराला कुणी विचारलंही नाही. कोरोमंडलचं भवितव्य अटलांटिकशी जोडलं गेलं होतं आणि त्या बैठकीत आपला माणूस नव्हता.

आता शिकण्याचा हिशोब. जिंकलेल्या फ्रेंचांनी देशी शिपायांना कवायत देण्याची युक्ती पुढे नेली, पण पॅरिसने डुप्लेला १७५४ मध्ये परत बोलावलं. मद्रास हरलेले इंग्रज मात्र झटून शिकले. १७४८ च्या जानेवारीत स्ट्रिंजर लॉरेन्स सेंट डेव्हिडला उतरला आणि देशी शिपायांच्या कंपन्या घडवू लागला. दहाएक वर्षांत त्यांच्या पलटणी झाल्या. मद्रासच्या लष्कराची ती मुळाक्षरं होत.

मराठेही शिकले, हे ठामपणे सांगायला हवं. १७५१ मध्ये फ्रेंच सेनापती बुसीच्या कवायती पलटणींचा तडाखा नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला बसला. मग बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पेशव्यांकडे आला. १७६० मध्ये उदगीरला त्याच्या तोफांनी निजामाला नमवलं. पानिपतावर त्याचे गारदी अखेरपर्यंत झुंजले, पण त्यांची रांगेची लढाई आणि सरदारांच्या घोडदळाची लढाई यांचा मेळ बसला नाही. पुढे महादजी शिंद्यांनी द ब्वान्या या युरोपीय अधिकाऱ्याकडून पलटणी उभारल्या, तेव्हा उत्तर हिंदुस्थानात त्यांच्यापुढे टिकेल अशी पायदळाची फौज राहिली नाही.

तरीही २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यात असईला काय झालं? मराठ्यांच्या तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची अशी कत्तल केली, की तिच्यातल्या प्रत्यक्ष लढलेल्यांपैकी साधारण दर तिसरा माणूस मेला किंवा जखमी झाला, तरी लढाई वेलस्लीनेच जिंकली. त्याच्याबरोबर मद्रासच्या पलटणी होत्या, म्हणजे अड्यारच्या धड्यातून जन्मलेलं सैन्य. शिंद्यांचे शिपाई आणि गोलंदाज त्यांच्याहून कमी नव्हते. कमी होते ते अधिकारी. इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना फोडलं होतं, आणि शिंद्यांचा मुख्य सेनापती पेराँ त्याच महिन्यात उत्तरेत इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

मला सांगायचं आहे ते इतकंच. तोफ ओतता येते, बंदूक विकत घेता येते, कवायत भाड्याने आणता येते. पण हुकूम देणारा, नकाशा वाचणारा, शत्रूच्या राजधानीत काय शिजतं हे जाणणारा आपलाच अधिकारी पिढीमागून पिढी घडवायचा, तर संस्था लागते, आणि ती दरबाराच्या लहरीवर चालत नाही. अड्यारनंतरची साठ वर्षं आपण हत्याराची बरोबरी केली, संस्थेची केली नाही. शस्त्रखरेदीच्या बातम्या वाचताना आजही ही कसोटी लावून पाहावी. हे यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, त्याचा पुढचा नमुना कोण काढणार, ते वापरायची रीत कोण ठरवणार?

त्या रणांगणापासून थोड्याच अंतरावर, सेंट थॉमस माउंटला, १९६३ पासून लष्कराची अधिकारी प्रशिक्षण संस्था आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातली मुलं तिथे येतात, १९९२ पासून मुलीही येतात, आणि त्यांत मराठी नावंही असतात. मुराररावांना आणि महादजींना जे मिळालं नाही, ते या मुलामुलींना मिळतं. त्यांच्या अभ्यासात वॉटर्लूइतकंच अड्यारला आणि असईला स्थान असावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या पराभवांचा बारकाईने अभ्यास करणारी फौज दुसऱ्याच्या तहात देवाणघेवाणीची वस्तू होत नाही.