आमचं घर विकणे आहे!

'शांत, मुलाबाळांसाठी छान वस्ती.' आमच्याच घराची जाहिरात एजंटने लिहून पाठवली, त्यातली ही पहिली ओळ. डचमध्ये 'रुस्तिख, किंडव्रीन्डेलिक'. वाचून मला चक्क हसू आलं. कारण नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या ऑनसाइटपायी पुण्याहून इथे, अ‍ॅमस्टरडॅमला खेटून असलेल्या आम्स्टेलव्हेनला आले, तेव्हा याच शांततेनं जीव नकोसा केला होता. संध्याकाळी सहाला सगळे जेवायला आपापल्या घरात. ना भाजीवाल्याची हाक, ना कुकरच्या शिट्ट्या. पहिल्याच आठवड्यात सकाळी साडेसहाला चटणीसाठी मिक्सर लावला, तर वरच्या मजल्यावरच्या आजी गोड हसत सांगायला आल्या, आठनंतर लावलास तर बरं होईल!

असो. तर घर विकणे आहे. ८६ चौरस मीटर, म्हणजे साधारण सव्वानऊशे स्क्वेअर फूट. ही खरीखुरी आतली जागा हं! 'सुपर बिल्टअप'ची भानगड इथे नाही, बाल्कनीसुद्धा यात धरत नाहीत. जाहिरातीत 'चार खोल्या' लिहिलंय, पण त्यात हॉलही मोजलाय. म्हणजे आपला थ्री बीएचके. सोसायटीचा मेंटेनन्स दर महिन्याला, आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी पैसे बाजूला ठेवणं २०१८ पासून कायद्यानंच सक्तीचं. विकणाऱ्यानं एक लांबलचक प्रश्नावली भरायची. गळती आहे का? शेजाऱ्यांशी वाद? मग आणखी एक यादी, काय सोडून जाणार आणि काय नेणार. पडदे, दिवे, अगदी जमिनीवरच्या लाकडी फळ्यासुद्धा! पडद्यांपुढे मी 'सोडून जाणार'वर खूण केली. तुळशीची कुंडी त्या यादीत नव्हती.

पण या घराची खरी किंमत खालच्या रस्त्यात आहे. तिथे एक निळी पाटी आहे. त्यावर घर, बॉल खेळणारं मूल आणि एक गाडी. अशा रस्त्याला 'वोनएर्फ' म्हणतात. रस्ताभर मुलांनी खेळायचं आणि गाडीवाल्यानं माणसाच्या चालीनं जायचं. हॉर्न नाही, काही नाही. मला वाटायचं, युरोपच तो, इथे असं असायचंच. पण नाही हो! १९७१ मध्ये या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अशीच गेली. १९७२ मध्ये त्यानं लेख लिहिला, मथळा होता 'मुलांच्या हत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यात उतरले. डेल्फ्ट शहरात सुरू झालेल्या वोनएर्फला १९७६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली. एजंटनं ज्या एका शब्दावर भाव वाढवलाय ना, तो शब्द कुणीतरी भांडून मिळवलाय.

माझी लेक आठ वर्षांची आहे. एकटी सायकलवरून शाळेत जाते. आम्ही परत चाललोय, कारण कोथरूडला आई एकटी आहे आणि गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडली. निर्णय माझाच. लेकीनं एकच विचारलं, "माझी सायकल न्यायची ना?" मी म्हटलं, "नेऊ की." संध्याकाळी सातचा कर्वे रोड डोळ्यांसमोर होता आणि मी 'नेऊ की' म्हणाले.

घर बघायला बरेच जण आले. त्यात नाशिकचं एक जोडपं. ती सहा महिन्यांची पोटुशी. बाल्कनीत उभी राहून मला हळूच म्हणाली, "ताई, फारच शांत आहे ना हो?" मला तिला मिठी मारावीशी वाटली. मंगळवारी बारापर्यंत सगळ्यांच्या ऑफर आल्या. इथे कुणी किती दिले ते दुसऱ्याला कळत नाही, आणि कुणाला विकायचं ते आपण ठरवायचं. नाशिककरांची ऑफर दुसरी. एका डच कुटुंबाची नऊ हजार युरोंनी जास्त. नवरा म्हणाला, "भावनेच्या भरात नको." मीही फार ताणलं नाही. पुण्यात फ्लॅटचे हप्ते सुरू आहेत...

सह्या झाल्यावर घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात. कारण न सांगता माघार घेता येते. विकणाऱ्याला मात्र ती सोय नाही! ते तीन दिवस मी फोनकडे बघत होते. त्यांनी 'नको' म्हणावं असं वाटत होतं का? हो, वाटत होतं. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही.

फोन आला नाही. एजंटनं खिडकीतल्या पाटीवर तिरकी पट्टी चिकटवली, 'विकलं, अटींसह'. त्याच संध्याकाळी वरच्या आजी लिफ्टमध्ये भेटल्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आता सकाळी मिक्सर कोण लावणार?"