वाशांचा रेटा

गुहागरकडच्या जुन्या घरांत जांभ्याची जाड भिंत पाहिली की वाटतं, ही काहीही पेलेल. कौलांचं वजन ती पेलतेच. पण ते वजन तिच्यावर सरळ उतरत नाही. समोरासमोरचे वासे आढ्याशी एकमेकांना टेकलेले असतात; वरून भार आला की त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. पत्त्यांचं घर करून वर बोट दाबा, कळेल. उतार जितका कमी, तितका हा रेटा जास्त. आणि चिरा वरून येणारा दाब सोसतो, आडवा रेटा नाही.

आढ्याखाली मधली भिंत किंवा खांब असेल तर रेटा फारसा उरत नाही, कारण आढंच भार घेऊन खाली देतं. आमच्याकडे ती मधली भिंत अब्बांनी हॉल मोठा करायला पाडली. तेव्हापासून सगळी भिस्त दोन भिंतींना धरून ठेवणाऱ्या तुळयांवर.

आता चुलतभावाला तिथे पर्यटकांसाठी उंच, मोकळी खोली हवी आहे. तुळया कापायच्या म्हणतो. मागच्या भिंतीला वरच्या बाजूला बोट जाईल एवढी भेग आहे, ती त्याला दाखवली. "ती जुनीच आहे," म्हणाला. कापायच्याच तर आधी त्याच उंचीवर लोखंडी सळया ताणून बसव, असं सुचवलं.

"मग उंची कुठे वाढली?"

मिस्त्री सोमवारी येतोय.